टमाटर तेलात परतून खा
आमच्या इंदूरात शेव-टमाटरची भाजी घरोघरी होते, पण कोलेस्ट्रॉल वाढलं की लोक ती बंद करून नुसत्या कच्च्या फोडी खातात. अहो, टमाटरला लाल रंग देणारं लायकोपीन तेलात विरघळतं, शिजवून थोड्या तेलासोबत खाल्लं तर शरीरात जास्त शोषलं जातं, आणि एलडीएलचं, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉलचं, ऑक्सिडेशन (ऑक्सिजनशी संयोग) होऊन धमन्यांत थर साचतो ना, ते ऑक्सिडेशन रोखायला लायकोपीन मदत करू शकतं. चमचाभर तेलात जिरं तडतडलं की लालबुंद पिकलेले टमाटर सालासकट टाका, साल सुटून कडेला तेल दिसेपर्यंत परता. शेव मात्र चिमूटभरच, सगळं मीठ-तेल तिच्यात असतं! डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका, किडनीचा त्रास असेल तर टमाटरातल्या पोटॅशियममुळे आधी विचारून घ्या.