जुन्या सीआरटी टीव्हीवर रेट्रो गेमचं चित्र नीट कसं लावायचं

जुना सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबवाला, टीव्ही आणला, प्लेस्टेशन जोडलं, आणि चित्र असं की लाल रंग कडेने सांडतोय, वरचा स्कोअर अर्धा कापलाय आणि गाडीची चाकं लंबगोल. मग कुणाला विचारावं तर सल्ला ठरलेला, "पीव्हीएम घे." पीव्हीएम म्हणजे सोनीचे स्टुडिओत आणि हॉस्पिटलात एंडोस्कोपीला वापरायचे ते मॉनिटर. चांगले असतात, वाद नाही, पण आपल्याकडे हाताला लागणारे बहुतेक दिवसरात्र चालून पिक्चर ट्यूब दमलेले असतात आणि वर विकणाऱ्याला आता त्यांची किंमत कळलेली असते. घरातला साधा २१ इंची टीव्ही नीट लावला तर चित्र डोळ्यात भरतं, फक्त तो नीट लावायचा कुणाला कंटाळा असतो, कुणाला भीती वाटते.

टीव्ही निवडताना दोनतीन गोष्टी पक्क्या. मागे हिरवं-निळं-लाल असं कॉम्पोनंट इनपुट हवं, आपल्याकडच्या शेवटच्या काळातल्या बऱ्याच सीआरटींना ते आहे, काहींवर नुसतं डीव्हीडी इन लिहिलेलं असतं. पुढे १०० हर्ट्झ असं अभिमानाने छापलेलं असेल तर तिथेच सोडा, असला सेट येणारं चित्र आधी डिजिटल मेमरीत घेतो आणि मग दाखवतो, त्यामुळे बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि बदकं मारायची बंदूक तर त्यावर चालतच नाही. फ्लॅट ट्यूब की गोलसर? माझं मत गोलसर. फ्लॅटचे कोपरे सरळ करता करता जीव जातो. सोनी ट्रिनिट्रॉनवर एक किंवा दोन अगदी बारीक आडव्या सावल्या दिसतील, त्या आतल्या तारांच्या असतात, बिघाड नाही, उगाच परत करायला जाऊ नका. पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार, नाहीतर नातेवाइकांच्या माळ्यावर, कुठूनही आणा पण चालू करून बघूनच घ्या.

आणि कॉम्प्युटरचा सीआरटी मॉनिटर आणून बसू नका. प्लेस्टेशन, मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो ही सगळी कन्सोल, म्हणजे गेमची मशीनं, सेकंदाला साधारण १५,७०० ओळी पाठवतात, पीसी मॉनिटरला कमीत कमी तीसएक हजार लागतात, मधे ओळी दुप्पट करणारा लाइन डबलर नसेल तर तो काळाच राहतो. अपवाद १९९८ चा ड्रीमकास्ट, तो व्हीजीए केबलने पीसी मॉनिटरवर चालतो आणि सुरेख दिसतो.

केबल

उतरत्या क्रमाने: आरजीबी आणि कॉम्पोनंट जवळजवळ सारखेच, मग एस-व्हिडिओ, मग पिवळी पिन, आणि सगळ्यात शेवटी अँटेनाच्या भोकातून चॅनल लावून. आरजीबीचं स्कार्ट हे युरोपातल्या टीव्हींवरचं सॉकेट आपल्या टीव्हींना नसतंच म्हणा, त्यामुळे परदेशी लोकांचे स्कार्टवरचे लांबलचक सल्ले वाचण्यात रात्र घालवू नका. आपल्यासाठी सोपा मार्ग पीएसटू आणि त्याची कॉम्पोनंट केबल, पीएसवनच्या डिस्कही त्यातच चालतात आणि मूळ २४०पी मध्येच, म्हणजे जुन्या गेमच्या २४० ओळींच्या चित्रातच, बाहेर येतात.

केबल बदलायच्या आधी, पिवळ्या पिनवर असतानाच, पीएसटूच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कॉम्पोनंट व्हिडिओ आऊट हे वाय-सीबी-सीआर वर करा. ते आरजीबीवर राहिलं तर रंग भलतेच येतात आणि लोक केबलला शिव्या घालतात. चित्र काळंपांढरं आलं तर बहुधा पिवळी पिन हिरव्या भोकात गेलीय. गेममध्ये प्रोग्रेसिव्ह स्कॅन विचारलं तर नाही म्हणा, तो सिग्नल या टीव्हीला झेपत नाही. कॉम्पोनंटचा अजून एक फायदा कुणी सांगत नाही, त्यात आपल्याकडची पाल आणि अमेरिका-जपानची एनटीएससी या दोन रंग पद्धतींचं भांडणच उरत नाही, अमेरिकेहून आलेला कन्सोलसुद्धा पूर्ण रंगात दिसतो, टीव्हीने ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा येणारं चित्र, पकडलं की झालं.

लहानपणीचा तो एका कॅसेटमध्ये लाखो गेम असलेला मारिओवाला डबा असेल तर त्याला पिवळ्या पिनच्या पुढे काही नाही, कारण मूळ निन्टेन्डोची चिपच थेट कॉम्पोझिट सिग्नल बनवते, आरजीबी आत कुठे नसतंच. मेगा ड्राइव्हचं उलट आहे, आरजीबी आत तयार असतं, पण सॉनिकमधला धबधबा पिवळ्या पिनवर जास्त छान दिसतो, उभ्या रेघा एकमेकांत मिसळून पाणी पारदर्शक वाटतं. कलाकारांनी ते गृहीत धरूनच काढलेलं होतं, त्यामुळे सगळीकडे जास्तीत जास्त शार्प हेच बरोबर असं नाही.

साधा मेन्यू

टीव्ही जिथे कायमचा राहणार तिथेच ठेवा, स्पीकर लांब करा, अर्धा तास गरम होऊ द्या. शार्पनेस शून्याकडे, डायनॅमिक-व्हिव्हिड बंद, नॉइज रिडक्शन बंद. शार्पनेस फुल करा म्हणणाऱ्यांनी स्पष्ट चित्र आणि अक्षरांभोवतीची पांढरी किनार यातला फरक कधी बघितलेलाच नसतो. मग ब्राइटनेस, गेममधल्या काळ्याकुट्ट जागेवर काळं राखाडी होईपर्यंत वाढवा आणि मग राखाडीपणा जेमतेम जाईपर्यंत मागे आणा. कॉन्ट्रास्ट तेवढाच की पांढरा चौकोन फुगणार नाही. हे दोन्ही आत्ताच, पुढच्या कामाआधी, कारण जुन्या टीव्हीत चित्र जितकं उजळ तितकं ते किंचित मोठं होतं, नंतर कॉन्ट्रास्ट हलवलात की मोजमाप परत चुकलं.

सर्व्हिस मेन्यू, खरी डोकेदुखी

सर्व्हिस मेन्यू म्हणजे मेकॅनिकसाठी लपवून ठेवलेला आतला मेन्यू. इथे माझ्या कितीतरी रात्री गेल्यात, म्हणून सविस्तर सांगतो. स्कोअर कापला जाणं, चाक लंबगोल दिसणं, रस्ता कडेला वाकणं, याला केबल काहीही करू शकत नाही. आपला टीव्ही वर्षानुवर्षं ५० हर्ट्झच्या केबलवर चालला. जपानी-अमेरिकन कन्सोल ६० हर्ट्झ देतो, आणि बऱ्याच सेटमध्ये ५० आणि ६० साठी उंची आणि जागेचे आकडे वेगवेगळे साठवलेले असतात. ६० वाल्या आकड्यांकडे आपल्याकडे कुणी फारसं बघितलेलंच नसतं. त्यामुळे केबल चॅनल व्यवस्थित दिसतं आणि गेम लावला की वाकडं, आणि दोष जातो बिचाऱ्या कन्सोलला. म्हणून सगळी दुरुस्ती ६० हर्ट्झचा सिग्नल चालू ठेवूनच करायची, अँटेनाच्या चॅनलवर मेन्यू उघडून केलीत तर भलतेच आकडे बदलाल.

मेन्यूत शिरायची युक्ती मॉडेलप्रमाणे बदलते. सोनीच्या बऱ्याच सेटवर टीव्ही स्टँडबायवर असताना रिमोटने पटापट डिस्प्ले, ५, व्हॉल्यूम वाढवा, पॉवर. बाकीच्यांचं मॉडेल नंबर टाकून शोधा. आणि ओरिजिनल रिमोट शोधा, युनिव्हर्सल रिमोटला त्या किल्ल्या नसतात.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे काहीही न बदलता प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. प्रत्येक पानाचा, फक्त चित्राच्या आकार-जागेच्या पानांचा नाही. दुसरं, ज्याचं नाव कळत नाही त्याला हात नाही. ऑप्शन नावाचे आकडे असतात, त्यावरून सेटला कळतं की आपल्याला कुठली इनपुटं आहेत. माझ्या एका मित्राने "बघू काय होतं" म्हणून तो आकडा वाढवला आणि कॉम्पोनंट इनपुट यादीतूनच गायब झालं, फोटो नव्हता, शेवटी तसल्याच मॉडेलवाला दुसरा माणूस शोधून त्याच्याकडून आकडे मागवावे लागले. इनिशियलाइझ किंवा रीसेट असं काही दिसलं तर तिकडे फिरकूच नका.

पडद्यावर चौकटींची जाळी लागेल. आर्टेमिओ उर्बिना याचं २४०पी टेस्ट सूट फुकट आहे, मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, ड्रीमकास्ट, निन्टेन्डो वी अशा बऱ्याच मशीनवर चालतं. ते चालवायची सोय नसेल तर जाळीच्या चित्राची डीव्हीडी बनवा, पण बनवताना एनटीएससी निवडा, पाल निवडलंत की परत ५० हर्ट्झवर आलात.

आता क्रम, आणि क्रम मोडायचा नाही. भारतात विकल्या गेलेल्या कितीतरी सेटमध्ये फिलिप्सच्या चिप आहेत, त्यात व्ही-स्लोप नावाचा आकडा असतो आणि सोबत सर्व्हिस ब्लँकिंग, ते चालू केलं की खालचा अर्धा पडदा काळा होतो. काळ्याची कड जाळीच्या बरोबर मधल्या आडव्या रेघेवर यायला हवी, तोपर्यंत व्ही-स्लोप हलवायचा. सगळे लोक हे सोडून थेट उंचीला हात घालतात आणि मग तासभर खाली-वर खेळत बसतात, वरचं जुळलं की खालचं बिघडतं. व्ही-स्लोप बसला की ब्लँकिंग बंद, त्याला परत हात नाही. मग उभी जागा (चित्र वर-खाली सरकवणारा आकडा), मग उंची, मग वरचे-मधले-खालचे चौकोन सारख्या उंचीचे करणारं एस-करेक्शन.

एस-करेक्शनसाठी शिंप्याचा मऊ टेप घ्या आणि वरचा, मधला, खालचा असे तीन चौकोन उंचीला मोजा. काच जाड असते, एक डोळा मिटून समोरून बघा नाहीतर दोनतीन मिलिमीटर तिथेच चुकतात. तिन्ही सारखे आले की वर-खाली सरकणारा एखादा गेम लावून बघा, डोंगर किंवा भिंत खाली जाताना ताणल्यासारखी वाटली तर अजून बसलेलं नाही. स्थिर जाळीवर जे दिसत नाही ते हलत्या चित्रात लगेच टोचतं.

उंची किती ठेवायची यावर वाद घालायला लोकांना आवडतं. पूर्ण २४० ओळी दिसल्या पाहिजेत असं काहीजण म्हणतात, मला पटत नाही. मेगा ड्राइव्ह आणि सुपर निन्टेन्डोचे बहुतेक गेम २२४ ओळींचे आहेत, त्या २२४ टीव्हीच्या चौकटीच्या कडेला जेमतेम भिडतील एवढी उंची ठेवा. २४० बसवलंत तर वर-खाली काळ्या पट्ट्यांकडे बघत खेळाल.

उभं झालं की आडवं: जागा, रुंदी, मग उभ्या कडांचा आत-बाहेरचा बाक घालवणारं पिनकुशन, मग वर-खाली रुंदी समान करणारं ट्रॅपेझॉइड, शेवटी उभ्या रेघांचा एकाच बाजूचा बाक आणि तिरकेपणा काढणारे बो आणि अँगल किंवा पॅरलेलोग्राम. प्रत्येक आकडा आधी दोनचार अंक दोन्ही दिशांना हलवून काय बदलतं ते बघा आणि जागेवर आणा, मग ठरवा. १४ इंची आणि काही २१ इंची सेटमध्ये पिनकुशनचा आकडा शोधून सापडणार नाही, त्यांच्या ट्यूबची वळणं ट्यूबच्या मानेवरची तारेची गुंडाळी, म्हणजे डिफ्लेक्शन यॉकच सांभाळतो, त्यात मेन्यूचा काही संबंध नाही. आडवी जागा कन्सोलप्रमाणे थोडी बदलते, पीएसवनचे काही गेम एका बाजूला सरकलेले असतात, एका गेमपायी टीव्ही हलवू नका, गेमच्या ऑप्शनमध्ये स्क्रीन अ‍ॅडजस्ट असतं ते वापरा.

कोपऱ्यात दोनतीन मिलिमीटर राहिले तर राहू द्या. इथे हट्टाला पेटलेले लोक टीव्ही उघडतात, आणि ते मी कुणालाच सांगणार नाही. पिक्चर ट्यूबवर वीसपंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो चार्ज धरून ठेवते. कोपऱ्यात लाल-निळा रंग फाकलेला दिसतोय म्हणून ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकाच्या कड्या फिरवा असे व्हिडिओ आहेत, त्या कड्यांवर कारखान्यात रंगाचा ठिपका लावून ठेवलेला असतो, तो तुटला की मूळ जागा गेली ती गेली. गल्लीतला जुना टीव्ही मेकॅनिक अजून असेल तर त्याला बोलवा, दोन गोड शब्द बोला, चहा पाजा, ही माणसं हे काम डोळे मिटून करतात.

सेव्ह करताना

काही सेट आकडा बदलला की लगेच साठवतात, काही स्टँडबायला गेल्यावर, सोनीच्या जुन्या काही मॉडेलमध्ये म्यूट आणि मग एंटर दाबून लिहावं लागतं. बाहेर पडताना रिमोटनेच बंद करा, भिंतीवरचं बटण दाबलंत तर काही टीव्ही पुढच्या वेळी परत सर्व्हिस मोडमध्येच उघडतात. दहा मिनिटांनी चालू करून जाळी पुन्हा बघा, आकडे टिकलेत का ते. नव्या आकड्यांचेही फोटो काढा. आणि तुमच्याकडे पाल डिस्क असतील तर त्या लावून ५० हर्ट्झवर उंची आणि उभी जागा एकदा वेगळी तपासा, जुने पाल गेम तसेही बऱ्याचदा वर-खाली चेपलेले आणि सुमारे १७ टक्के हळू असतात, तो दोष टीव्हीचा नाही आणि मेन्यूत त्याला औषध नाही, गेममध्ये ६० हर्ट्झचा पर्याय विचारला तर तो घ्या.