नाण्यांच्या प्रदर्शनाला शनिवारी जायचं की रविवारी?

नाण्यांची-तिकिटांची प्रदर्शनं बऱ्याचदा शुक्रवार ते रविवार असतात आणि आपल्याला घरातून सुटका एकाच दिवशी मिळते, मग कुठला दिवस धरायचा हा घोळ दरवेळी होतो. मी आता असं करतो:

१. यादीतलं ठरावीक नाणं हवं असेल, म्हणजे समजा १ रुपयाच्या सेटमधलं एखादं हैदराबाद मिंटचं (टांकसाळीचं) साल (सालाखाली चांदणी असते ते) राहिलंय, तर शनिवारी दार उघडताच पोचायचं. ट्रे भरलेले असतात, डीलर निवांत असतो, आपण यादी पुढे केली की टेबलाखालचा डबा पण काढून दाखवतो, त्या डब्यातच खरा माल असतो बघा.

२. मुलांसाठी स्वस्तात ढीगभर घ्यायचंय? रविवारी ३ नंतर जा. आवराआवर सुरू झालेली असते, परतीचं ओझं कोणालाच नको असतं, त्यामुळे अल्बम, होल्डर, परदेशी तिकिटांचे गठ्ठे यांचा भाव चांगला तुटतो. चांदीच्या नाण्यांचा फारसा तुटत नाही, त्यासाठी रविवारपर्यंत थांबू नका.

३. मुंबईत असाल तर रविवारचा मेगाब्लॉक आदल्या रात्रीच बघून ठेवा.

फक्त एक सांभाळा, रविवारच्या घाईत ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया न तोलता घेऊ नका. खिशात मावणारा छोटा काटा न्या, वजन ११.६६ ग्रॅमच्या आसपास हवं, झिजलेला असेल तर किंचित कमी भरेल, पण चुंबकाला चिकटला तर सरळ परत ठेवा.