राइज की रेज, लाय की ले? इंग्रजी क्रियापदांचा गोंधळ असा सोडवा

या जोड्यांची लिस्ट पाठ करून काही होत नाही, दोन दिवसांनी परत गोंधळ. त्यापेक्षा आधी मराठीकडे बघा, निम्मं उत्तर तिथेच आहे.

पहिली स्टेप, वाक्य मनात मराठीत म्हणा आणि बघा की ते आपोआप होतंय की कोणीतरी करतंय. उठणे-उठवणे, पडणे-पाडणे यात आपण कधी चुकतो का? नाही ना, मग तसंच इथे, सूर्य स्वतःच वर येतो म्हणून राइज, हात आपण वर करतो म्हणून रेज. शिकणे म्हणजे लर्न, शिकवणे म्हणजे टीच. आठवणे म्हणजे रिमेंबर, आठवण करून देणे म्हणजे रिमाइंड, त्यामुळे 'उद्या मला आठवण करून दे' हे 'रिमाइंड मी टुमारो' असंच होणार.

आता सगळ्यात चिवट जोडी, लाय आणि ले. इथे घाई करू नका. पुस्तक टेबलावर पडलंय, तर लाय. पुस्तक मी हातातून टेबलावर ठेवते, तर ले. इथपर्यंत सोपंय, पण लायचा भूतकाळच ले होतो आणि खरा घोळ तिथे आहे! म्हणून तिन्ही रूपं मोठ्याने म्हणा: लाय-ले-लेन, आणि दुसरं ले-लेड-लेड. 'काल मी दुपारभर पडून होते' हे 'आय ले इन बेड', आणि 'मी पुस्तक ठेवलं' हे 'आय लेड द बुक'. खोटं बोलणारं लाय वेगळंच, त्याचं लाय-लाइड-लाइड.

पुढे सी आणि लुक. दिसतं ते सी, मुद्दाम नजर वळवून बघतो ते लुक. ऐकू येणे म्हणजे हिअर आणि कान देऊन ऐकणे म्हणजे लिसन, हेही त्याच चालीवर.

बॉरो-लेंडला एकच प्रश्न विचारा, वस्तू घेतोय की देतोय? घेणारा बॉरो करतो, देणारा लेंड, म्हणून पेन मागताना 'लेंड मी युवर पेन', 'बॉरो मी' नाही.

राहिलं से आणि टेल, इथे मात्र मराठीची तेवढी मदत नाही. टेलनंतर बहुतेक वेळा माणूस लगेच येतो, 'ही टोल्ड मी'. सेला मध्ये टू लागतो, 'ही सेड टू मी'. 'ही सेड मी' असं लिहिलं असेल तर एकतर टू घाला नाहीतर सेडचं टोल्ड करा.