फॉर्ममधलं फील्ड फंक्शनला देताना या चुका टाळा

वेबपानावरचा फॉर्म तपासणारं जावास्क्रिप्ट फंक्शन नीट चालत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी रेगेक्स (मजकुराचा साचा तपासणारं सूत्र) उघडून बसतात. रेगेक्स बिचारा बहुतेक वेळा बरोबर असतो. घोटाळा त्याच्या एक पायरी आधी झालेला असतो: फंक्शनच्या हातात फील्ड दिलं, फील्डमधला मजकूर दिला, की नुसतं फील्डचं नाव दिलं, हे लिहिणाऱ्यालाच स्पष्ट नसतं. (खाली जावास्क्रिप्टमधली नावं देवनागरीत दिली आहेत; कोडमध्ये ती नेहमीच्या स्पेलिंगनेच लिहायची.)

मजकूर देऊ नका, फील्ड द्या

मोबाइल नंबरच्या फील्डवर ऑनब्लर (फील्डमधून बाहेर पडताच चालणारं ॲट्रिब्यूट) लावून त्यात फंक्शनला धिस डॉट व्हॅल्यू, म्हणजे त्या फील्डमधला मजकूर, दिलं जातं. दहा अंक मोजायचे, पहिला अंक ६ ते ९ मधला आहे का बघायचा, एवढ्यापुरतं ते चालतंही. मग कुणीतरी सांगतं की मागेपुढे राहिलेली स्पेस काढून टाका. पॅरामीटरवर ट्रिम चालवून उत्तर त्याच पॅरामीटरमध्ये ठेवलं जातं, आणि फील्डमध्ये स्पेस जशीच्या तशी! कारण फंक्शनकडे आली ती एक सुटी स्ट्रिंग. तिचा फील्डशी संबंध तिथेच तुटला.

यावर जो उपाय सर्रास केला जातो तो मूळ चुकीपेक्षा वाईट. फंक्शनच्या आत गेटएलिमेंटबायआयडी (आयडीवरून फील्ड शोधणारी मेथड) लिहून त्याच एका फील्डची आयडी पक्की करून टाकतात. पुढच्या आठवड्यात पर्यायी मोबाइल नंबरचं फील्ड येतं, मग फंक्शनची नक्कल होते, नावापुढे २ लागतो. वर्षभराने एकाच नियमाच्या चार नकला सापडतात आणि त्यातल्या दोनच सुधारलेल्या असतात. इतकं करण्यापेक्षा सुरुवातीलाच नुसतं धिस द्यावं. फील्ड हातात आलं की व्हॅल्यू, नेम, ज्या फॉर्मात ते आहे तो फॉर्म, फोकस, सेटकस्टमव्हॅलिडिटी (फील्डला चुकीचा संदेश लावणारी मेथड) हे सगळं त्याच्याकडून मिळतं. पॅरामीटरचं नावही ‘फील्ड’च ठेवावं. तीन महिन्यांनी वाचताना शंका उरत नाही.

धिस लिहायचं ते ॲट्रिब्यूटमध्ये, फंक्शनच्या आत नव्हे. ॲट्रिब्यूटमध्ये धिस म्हणजे ते फील्ड. तिथून बोलावलेल्या साध्या फंक्शनच्या आत तेच धिस म्हणजे विंडो, आणि स्ट्रिक्ट मोड (जावास्क्रिप्टचे कडक नियम) असेल तर अनडिफाइन्ड. ॲट्रिब्यूटऐवजी ॲडइव्हेंटलिसनरने कोडमधूनच फंक्शन जोडत असाल तर ॲरो फंक्शनला स्वतःचं धिस नसतं, म्हणून इव्हेंटचं करंटटार्गेट (ज्या फील्डवर लिसनर लावला ते) घ्यायची सवय चांगली. आणि तिथे फंक्शनचं नुसतं नाव द्या. कंस लावले की ते पान उघडतानाच एकदा धावून मोकळं होतं, नंतर कधीच नाही.

रिटर्न विसरणं, आणि फंक्शन मध्येच कोसळणं

फॉर्मच्या ऑनसबमिट ॲट्रिब्यूटमध्ये ‘तपासा(धिस)’ एवढंच लिहिलं तर फंक्शनने फॉल्स परत देऊनही फॉर्म जातो. ॲट्रिब्यूटमधला मजकूर हाच एक हँडलर, म्हणजे इव्हेंट आली की चालणारं फंक्शन, असतो. त्याने स्वतः काही परत दिलं नाही तर ब्राउझरला नकार कळत नाही. ‘रिटर्न तपासा(धिस)’ असं लिहावं.

रिटर्न लिहूनही फॉर्म जात असेल तर फंक्शन फॉल्सपर्यंत पोचण्याआधीच एरर येऊन थांबलंय. तपासणीत एरर आली की ब्राउझर फॉर्म अडवत नाही, पाठवतो. एरर कन्सोलमध्ये चमकते आणि पान बदलताच पुसली जाते, म्हणून ‘एररच नाही’ असं ठामपणे सांगितलं जातं. क्रोमच्या कन्सोलमध्ये प्रिझर्व्ह लॉग (पान बदललं तरी नोंदी राखणारा पर्याय) चालू करून मगच सबमिट दाबा. लिसनर वापरत असाल तर प्रिव्हेंटडिफॉल्ट (ब्राउझरला फॉर्म आपणहून पाठवू न देणारी मेथड) पहिल्याच ओळीत लिहा आणि सगळं तपासून झाल्यावर फॉर्मची सबमिट मेथड बोलवा. पडलंच तर फंक्शन पडेल, चुकीची माहिती पुढे जाणार नाही. या मार्गात दाबलेल्या बटणाचं नेम आणि व्हॅल्यू सर्व्हरला जात नाही. ते हवं असेल तर छुप्या फील्डमध्ये ठेवा.

बटणाला ‘सबमिट’ हे नाव

वरचा उपाय केला आणि ‘सबमिट इज नॉट अ फंक्शन’ अशी एरर आली, तर बटणाचं नेम किंवा आयडी बघा. फॉर्ममधल्या प्रत्येक फील्डचं नाव त्या फॉर्मचा गुणधर्म बनतं आणि फॉर्मच्या मूळ मेथडलाही झाकून टाकतं. म्हणजे फॉर्म डॉट सबमिट ही आता मेथड राहिली नाही, ते बटण झालं.

इनलाइन हँडलरमध्ये, म्हणजे ॲट्रिब्यूटमध्ये लिहिलेल्या कोडमध्ये, हा गुंता आणखी खोल जातो. तिथलं एखादं नाव ब्राउझर आधी त्या एलिमेंटवर शोधतो, मग फॉर्मवर, मग डॉक्युमेंटवर, आणि शेवटी तुमच्या ग्लोबल फंक्शनांत. त्यामुळे फील्डचं नाव ‘पिनकोड’ आणि फंक्शनचंही ‘पिनकोड’ असेल तर फील्डच पुढे येतं. फंक्शनला ‘क्लिअर’ नाव दिलं तर डॉक्युमेंटची जुनी, काहीच न करणारी क्लिअर मेथड चालते. बटण दाबून काही होत नाही आणि एररही येत नाही. ‘ओपन’ नाव दिलं तर डॉक्युमेंटची ओपन मेथड चालून अख्खं पानच कोरं होतं. म्हणून फंक्शनच्या नावात क्रियापद आणि कर्म दोन्ही असू द्या: पिनकोडतपासा, फॉर्मपुसा. जावास्क्रिप्टला देवनागरी नावंही चालतात, आणि ती ब्राउझरच्या कुठल्याच मेथडशी टक्कर घेत नाहीत.

एकच चेकबॉक्स उरला की

ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते, म्हणून तिच्यावर राग जास्त. रजेचे अर्ज मंजूर करायचं पान घ्या. प्रत्येक अर्जापुढे चेकबॉक्स, सगळ्यांचं नेम एकच. फंक्शनला फॉर्म दिला जातो, आत त्या नावाने चेकबॉक्स उचलून लेंग्थपर्यंत लूप फिरतो आणि टिक मोजतो. चाचणी तीन अर्जांवर झाली, पान सुरू झालं. मग एक दिवस साहेबांचा फोन: टिक केलं तरी ‘एकही अर्ज निवडलेला नाही’ असं म्हणतंय. बघायला जाईपर्यंत आणखी दोन अर्ज आलेले असतात आणि पान व्यवस्थित चालतं. कॅशे साफ होते, ब्राउझर बदलला जातो, नेटवर्कवर खापर फुटतं. महिन्याने पुन्हा तेच.

त्या दिवशी यादीत एकच अर्ज होता. एका नावाची अनेक फील्डं असली तर फॉर्म यादी देतो, एकच असलं तर ते सुटं फील्डच देतो. सुट्या चेकबॉक्सला लेंग्थ नसते, ती अनडिफाइन्ड; लूप एकदाही फिरत नाही, मोजणी शून्यावर राहते. यादी रिकामी असली तर अनडिफाइन्ड हातात येतं आणि एरर येते, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे फॉर्म सुसाट पुढे. सिलेक्ट असेल तर तिसरीच तऱ्हा: सिलेक्टला लेंग्थ असते, पण ती पर्यायांची, आणि लूप त्यांवरच फिरत बसतो.

फॉर्मवर क्वेरीसिलेक्टरऑल (जुळणारी सगळी फील्डं शोधणारी मेथड) वापरा. शून्य, एक किंवा शंभर, काहीही असलं तरी यादीच मिळते. आणि असं पान शून्य, एक आणि अनेक अशा तिन्ही स्थितींत चालवून बघितल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका.

मराठीत भरलेला मजकूर

आपल्याकडच्या फॉर्मांत हे तपासलंच जात नाही, याचं वाईट वाटतं. रेगेक्समधला बॅकस्लॅश डी फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मराठी कीबोर्डवरून ‘४११०३०’ भरणाऱ्या माणसाला ‘पिनकोड चुकीचा’ असं सांगणं ही आपली चूक. देवनागरी अंकांचे कोड २४०६ ते २४१५, इंग्रजी अंकांचे ४८ ते ५७. प्रत्येक देवनागरी अंकाच्या कोडमधून २३५८ वजा करा, मग तपासा.

नावासाठी ए ते झेड अशी चौकट कधीच नको. रेगेक्सला यू फ्लॅग लावून युनिकोडचे एल (अक्षरं) आणि एम (अक्षरांना जोडायची चिन्हं) हे दोन्ही वर्ग घ्या. नुसता एल घेतला तर काना, वेलांटी आणि हलन्त बाहेर राहतात, आणि ‘सुनीता’सुद्धा नापास होते. ‘गोऱ्हे’सारखं आडनाव काही कीबोर्डांवर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक असं उमटतं; तो जोडक या दोन्ही वर्गांत बसत नाही, त्याचा ८२०५ हा कोड वेगळा चालू ठेवावा लागतो. लांबीची मर्यादाही सैल ठेवा: ‘क्षितिज’ डोळ्यांना तीन अक्षरं, लेंग्थला सात.

बाकीच्या, थोडक्यात

व्हॅल्यू नेहमी स्ट्रिंग असते. ‘९’ हे ‘१०’ पेक्षा मोठं ठरतं. रिकामी स्ट्रिंग नंबर फंक्शनला दिली की शून्य मिळतो, म्हणून आधी रिकामेपणा तपासा. रेगेक्सला ‘जी’ हा फ्लॅग लावून टेस्ट चालवलं तर तोच बरोबर नंबर एकदा पास, एकदा नापास होतो, तो ‘जी’ काढा. ऑनब्लरमध्ये अलर्ट दाखवून फोकस परत आणू नका, दोन फील्डं एकमेकांकडे ढकलत बसतात.

सेटकस्टमव्हॅलिडिटीने दिलेला संदेश रिकाम्या स्ट्रिंगने पुसावा लागतो, आणि तो इनपुट इव्हेंटमध्येच पुसा. सबमिटच्या हँडलरमध्ये पुसायला ठेवला तर ती वेळ येतच नाही, कारण संदेश असेपर्यंत ब्राउझर सबमिट इव्हेंट पाठवतच नाही.