मैदान आधी, बार नंतर: वेगासाठी ताकदीची सांगड

वर्षभर जिम करून स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा बार, म्हणजे दांडा, घेऊन मारलेली बैठक) ६० किलोवरून १०० किलोवर गेला, पण ३० मीटरची वेळ होती तिथेच राहिली. स्प्रिंटच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलामुलींची ही नेहमीची तक्रार. उलट तक्रारही तितकीच ऐकू येते: रोज मैदानावर जीव तोडून धावतो, तरी सहा महिन्यांत काही फरक नाही, वर मांडीमागचा हॅमस्ट्रिंग दोनदा ओढला गेला. दोन्हींचं मूळ एकच. ताकद आणि वेग आठवड्यात कुठे आणि कोणत्या क्रमाने बसवायचे, हे ठरलेलंच नसतं.

पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर टेकतं ते जेमतेम ०.१ सेकंद. जड स्क्वॉटची एक रेप, म्हणजे एकदा खाली जाऊन वर येणं, दोन-तीन सेकंद चालते. स्नायूला आपला सगळा जोर उभा करायला ०.३ सेकंद किंवा जास्तच लागतात, त्यामुळे बारखाली कमावलेली सगळी ताकद पूर्ण वेगात वापरायला वेळच मिळत नाही. मग बार उचलायचा कशाला? कारण सुरुवातीच्या काही पावलांत पाय जमिनीवर बराच जास्त वेळ असतो आणि तिथे ताकद थेट कामाला येते. शिवाय वेगवान धावपटू हवेत पाय जास्त झपाझप फिरवतो म्हणून पुढे जातो, हा समजही खरा नाही. अमेरिकेत पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं की फरक मुख्यतः जमिनीला दिलेल्या जोराचा असतो. म्हणून ताकद हवीच. पण ती वेगाची चाकरी करायला हवी.

म्हणूनच सांगड म्हणजे निम्मं-निम्मं नव्हे. कमावलेली ताकद आठवड्यातून एकदा उचललं तरी टिकते, अगदी थांबवलं तरी तीन-चार आठवडे फारशी उतरत नाही. कमाल वेगाची धार मात्र आठवडाभरातच बोथट व्हायला लागते. त्यामुळे वर्षात असा एकही आठवडा नको, ज्यात पूर्ण वेगाने धावणं झालं नाही. पावसाळ्यात मैदान चिखलाचं झालं की बहुतेक जण चार महिने फक्त जिम करतात आणि ऑक्टोबरमध्ये जड, मंद पाय घेऊन परततात. त्या महिन्यांत जिमचा वाटा वाढवा, पण शाळेच्या हॉलमध्ये, एखाद्या शेडखाली, जिथे कोरडी न घसरणारी जमीन मिळेल तिथे १०-१५ मीटरच्या धावा चालू ठेवा. मात्र पुढे थांबायला तेवढीच मोकळी जागा हवी.

आता आठवडा कसा लावायचा. सर्वांत मोठी चूक म्हणजे सोमवारी स्प्रिंट, मंगळवारी पाय, बुधवारी स्प्रिंट, गुरुवारी पुन्हा पाय. दिसायला हे समतोल वाटतं. पण जड स्क्वॉट आणि पूर्ण वेगाची धाव दोन्ही मज्जासंस्थेला सारखंच दमवतात आणि तिला सावरायला साधारण ४८ तास लागतात. रोज थोडं-थोडं दमवलं तर एकही दिवस ताजा उरत नाही. म्हणून जड कामं एकाच दिवशी, हलकी कामं वेगळ्या दिवशी. कॅनडाचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी ही विभागणी रूढ केली: कमाल वेगाच्या ९५ टक्क्यांच्या वर किंवा ७५ टक्क्यांच्या खाली, मधलं जवळपास काही नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्यांचा शिष्य बेन जॉन्सन उत्तेजकात सापडला आणि त्यांच्या नावाला कायमचा डाग लागला. आठवड्याची ही मांडणी मात्र आजही जगभरचे प्रशिक्षक वापरतात.

नवख्यासाठी तीन जड दिवस पुरेत: सोमवार, गुरुवार, शनिवार. मंगळवार आणि शुक्रवार हलके. बुधवार आणि रविवार पूर्ण विश्रांती.

सोमवार सुटण्याच्या, म्हणजे स्टार्टच्या, सरावाचा. वॉर्म-अपला २५ ते ३० मिनिटं द्या: ८०० मीटर संथ जॉग, पायांचे झोके, ए-स्किप (गुडघा वर उचलत तालात उड्या), घोट्याच्या छोट्या उड्या, मग ५० मीटरच्या तीन चढत्या धावा ७०, ८०, ९० टक्क्यांनी. त्यानंतर १० मीटर तीनदा, २० मीटर तीनदा, ३० मीटर तीनदा. एकूण १८० मीटर. पहिल्या वर्षात एका दिवसात पूर्ण वेगाचं अंतर ३०० मीटरच्या वर नेऊ नका.

विश्रांतीचा हिशेब सोपा आहे: दर १० मीटरला निदान १ मिनिट. ३० मीटर धावलात तर किमान ३ मिनिटं, ६० मीटरला ६. हे पाळून घेणं सगळ्यात अवघड जातं. मैदानावर चालत फिरणारा मुलगा आळशी दिसतो, शेजारी फेऱ्या मारणारे हसतात, घरचे म्हणतात दीड तासात एवढंच धावलास? पण स्नायूतला झटपट ऊर्जेचा साठा भरायला तेवढी मिनिटं लागतातच. ४० सेकंदांत पुन्हा धावलात तर तो दम वाढवण्याचा व्यायाम झाला, वेगाचा नाही. शरीर जे रोज करतं तेच शिकतं, आणि दमलेल्या पायांनी धावून ते हळू धावायला शिकतं.

कधी थांबायचं? त्या दिवसाच्या उत्तम वेळेपेक्षा ३ टक्के घसरलात की संपलं. ३० मीटर ४.३० सेकंदांत जात असाल आणि ४.४३ आले, तर बॅग उचला, उरलेल्या धावा सोडून द्या. इथे हाताचं स्टॉपवॉच कामाचं नाही, कारण बोटाची चूकच ०.१ ते ०.२ सेकंदांची असते. फोन स्लो-मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेम्सवर लावा, ट्रायपॉडवर दर वेळी त्याच जागी ठेवा आणि दोन्ही टोकांना काठ्या रोवा. पहिली हालचाल झाली ती फ्रेम आणि छाती शेवटच्या काठीपाशी आली ती फ्रेम, यांमधल्या फ्रेम्सना २४० ने भागा. कॅमेऱ्याच्या कोनामुळे थोडी चूक राहते, पण ती दर वेळी तेवढीच राहते, आणि आपल्याला कालच्याशी तुलनाच करायची आहे.

धावून झालं की जिम, ही पाटी उलटी कधी फिरवू नका. सकाळी मैदान आणि संध्याकाळी जिम जमलं तर उत्तम. एकाच फेरीत उरकायचं असेल तर केळं-चिक्की खा, २० मिनिटं थांबा, मग बार. स्क्वॉट ४ सेट, ५ रेप्स, आणि प्रत्येक सेटनंतर अजून दोन निघाल्या असत्या असं वाटलं पाहिजे. रोमानियन डेडलिफ्ट (हातात बार धरून, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं आणि उठणं) ३ सेट, ६ रेप्स. गुडघा वाकवून पोटरीचे रेझ ३ सेट, १२ रेप्स. शेवटी नॉर्डिक: गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे, आणि कंबर न वाकवता पुढे शक्य तितकं सावकाश झुकत जायचं. सुरुवातीला २ सेट, ३ रेप्स, त्याहून जास्त नको. पहिल्यांदा दोन दिवस मांडी इतकी दुखते की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. म्हणून तर नॉर्डिक सोमवारी, पुढची जोराची धाव ७२ तास लांब असताना.

गुरुवार पूर्ण वेगाचा. ३० मीटर हळूहळू वेग वाढवत आणायचा आणि पुढचे २० मीटर पूर्ण, असं चार वेळा, मध्ये ५-६ मिनिटं. चेहरा आणि खांदे सैल. मुठी आवळल्या की पावलं आखडतात. जिम त्या दिवशी हलकी: स्क्वॉट कमालीच्या ५५-६० टक्क्यांवर ३ सेट, ३ रेप्स, वर येताना जितकं झपकन येता येईल तितकं. त्याला जोडून स्टेप-अप आणि पुल-अप्स. ४० मिनिटांत बाहेर.

शनिवारी उभ्याने लांब उडी ५ वेळा, बाउंडिंग (एका पायावरून दुसऱ्यावर लांब झेपा) २० मीटर तीनदा, मग ६० मीटर तीनदा, प्रत्येकात ७ मिनिटांचा खंड. जमिनीवर पाऊल आपटण्याचे एकूण आकडे पहिल्या वर्षी ६० च्या आत ठेवा, आणि उड्या गवतावर किंवा मातीवर मारा, डांबरी रस्त्यावर नको. नडगी दुखायला लागण्याचं कारण बहुधा तो रस्ताच असतो.

हलक्या दिवशी गवतावर १०० मीटरच्या दहा धावा ७० टक्क्यांनी, मध्ये मिनिटभर चालणं. १०० मीटर १२ सेकंदांत जाणाऱ्यासाठी ही धाव सुमारे १७ सेकंदांची. फारच सावकाश वाटते, आणि इथेच गडबड होते. दोन मित्र शेजारी धावायला लागले की तिसऱ्या धावेपासून शर्यत सुरू, १७ चे १४ होतात. मग ना वेग वाढतो ना पाय सावरतात, आणि गुरुवार आधीच वाया गेलेला असतो.

तालमीतून आलेल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. जोर-बैठकांनी तुमचे सांधे आणि दम आधीच तयार आहेत, ही मोठी जमेची बाजू. पण ५०० बैठका हे ताकदीचं नव्हे, तग धरण्याचं काम आहे आणि दुसऱ्या दिवशीच्या स्प्रिंटचा जीव काढतं. शहरातल्या जिममधल्या ‘लेग डे’लाही तेच लागू: लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन, १५-१५ रेप्स थरथरेपर्यंत. तिथल्या ट्रेनरला नीट समजावून सांगा की तुम्हाला मांडी मोठी नाही, झपाट्याची हवी आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचंही असंच होतं. मैदानी चाचणीच्या ५० गुणांत मुलांच्या १६०० मीटरला २० आणि १०० मीटरला १५ गुण आहेत, तरी रोज सकाळी फक्त ५ किलोमीटर धावतात आणि १०० मीटर का उतरत नाही म्हणून चिंता करतात. आठवड्यात दोनच सकाळी ३० मीटरच्या ताज्या धावांना दिल्या तरी ती वेळ हलते.

वजन किती वाढवायचं? आठवड्याला २.५ किलो, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. तंत्र बिघडलं की मागे या. मुलांनी शरीराच्या दीडपट, मुलींनी सव्वापट स्क्वॉट खोल आणि स्वच्छ केला की आणखी आकडा वाढवण्यामागे लागू नये असं आमचं मत आहे, त्यानंतरचा वेळ मैदानाला द्यावा. ६० किलोच्या मुलासाठी ते ९० किलो. चौदा वर्षांखालच्यांना रिकामा बारसुद्धा पुष्कळ.

हॅमस्ट्रिंग बहुतेक वेळा थंड सकाळी, घाईच्या वॉर्म-अपनंतर किंवा आदल्या दिवशीच्या जड पायांवर जातो. धावताना मागून चिमटा बसल्यासारखं वाटलं तर ती धाव तिथेच सोडा. ‘एक शेवटची’ मारली की तीन दिवसांचं दुखणं सहा आठवड्यांचं होतं.

स्पर्धेच्या १० दिवस आधी शेवटचा जड स्क्वॉट. त्यानंतर सेट निम्मे आणि वजन बेताचं. धावा कमी करा, पण त्यांचा वेग कमी करू नका.

दर चार आठवड्यांनी ३० मीटर, उडता २० मीटर (गुरुवारचे ते पूर्ण वेगाचे २० मीटर), उभ्याची लांब उडी आणि स्क्वॉट, चारही वहीत लिहा. स्क्वॉट वाढला पण उडी अडली, तर बार फार सावकाश वर येतोय: वजन १० टक्के उतरवा, झपाटा वाढवा. उडी वाढली पण ३० मीटर अडलं, तर सुटण्याच्या तंत्राकडे बघा, पहिल्याच पावलाला उभे राहताय का. ३० सुधारलं पण उडता २० नाही, तर गुरुवार कुठेतरी हुकतोय, बहुधा विश्रांतीत. आणि चारही खाली आले, तर पुढचा आठवडा निम्म्या कामाचा घ्या आणि रात्री किती वाजता झोपताय ते आधी तपासा.