संगणक स्वस्थ असताना इंटरनेट कोण वापरत आहे, हे कसे शोधावे

कोणताही प्रोग्रॅम उघडलेला नसताना राउटरवरचा दिवा सारखा लुकलुकत राहिला, की मनात पहिली शंका येते ती व्हायरसची. शंका रास्त आहे, पण शोधाची सुरुवात तिथून करू नये. घरातले फोन, टीव्ही आणि प्रिंटर एकमेकांचा माग काढण्यासाठी लहान लहान संदेश पाठवतच असतात, त्यामुळे नुसत्या दिव्यावरून काहीच ठरत नाही. डेटा किती जात आहे आणि कोणता प्रोग्रॅम तो पाठवत आहे, हे आधी पाहावे.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. परंतु या कामासाठी रिसोर्स मॉनिटर अधिक उपयोगी आहे. स्टार्ट मेनूत त्याचे नाव टाइप करून तो उघडावा, नेटवर्क या टॅबवर जावे आणि सेंड या स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक करून सर्वाधिक डेटा पाठवणारा प्रोग्रॅम वर आणावा. मी येणाऱ्या डेटापेक्षा जाणाऱ्या डेटाकडे आधी पाहतो, कारण येणारा डेटा बहुतेक वेळा एखाद्या अपडेटचा असतो, तर तासन्‌तास काही बाहेर जात असेल तर ते काय आहे हे कळायलाच हवे. पुष्कळदा उत्तर इथेच मिळते: फोटोंचे फोल्डर क्लाउडवर चढवणारा प्रोग्रॅम यादीत सर्वांत वर दिसतो.

खरी अडचण येते ती यादीत एसव्हीसीहोस्ट हे नाव दिसल्यावर. हा स्वतंत्र प्रोग्रॅम नसून विंडोजच्या अनेक सेवा ज्याच्या आत चालतात असे ते कवच आहे, म्हणून ते नाव पाहून घाबरून प्रोसेस बंद करू नये. त्या ओळीतला पीआयडी, म्हणजे चालू प्रोसेसचा ओळख क्रमांक, समजा ४३१२, कागदावर लिहून घ्यावा, टास्क मॅनेजरच्या सर्व्हिसेस टॅबमध्ये पीआयडीच्या स्तंभानुसार यादी लावावी आणि तोच क्रमांक कोणत्या सेवेसमोर आहे ते पाहावे. तिथे डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन असे आढळले, तर कोडे सुटले. विंडोज १० आणि ११ मधली ही सेवा अपडेटचे तुकडे इतर संगणकांकडून घेऊ शकते आणि त्यांना देऊही शकते. ही देवाणघेवाण सेटिंग्जमध्ये याच नावाच्या पानावर बंद करता येते.

एवढ्याने उलगडा झाला नाही, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून नेटस्टॅट ही कमांड बी या पर्यायासह (netstat -b) चालवावी, म्हणजे प्रत्येक जोडणीसोबत प्रोग्रॅमचे नाव दिसते. १२७.०.०.१ हा पत्ता तुमच्याच संगणकाचा असल्याने तो सोडून द्यावा. मात्र समोरचा पोर्ट, म्हणजे पत्त्यानंतर येणारा जोडणीचा क्रमांक, ४४३ आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. तो सुरक्षित वेबसाइटांचा नेहमीचा पोर्ट असला, तरी घातक प्रोग्रॅमही नेमका तोच वापरू शकतो. (मॅकवर कोणता प्रोग्रॅम किती डेटा पाठवत आहे, हे ॲक्टिव्हिटी मॉनिटरच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसते.)

अनोळखी नाव आढळल्यास टास्क मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक करून फाइलचे ठिकाण उघडावे. एसव्हीसीहोस्टची अस्सल फाइल विंडोज फोल्डरातल्या सिस्टिम३२ मध्ये असते; त्याच नावाची प्रोसेस डाउनलोड्समधून किंवा तात्पुरत्या फाइलांच्या टेंप फोल्डरातून चालत असेल, तर संशय बळावतो. अशा वेळी प्रथम नेटवर्कची तार काढावी किंवा वाय-फाय बंद करावे. फाइल लगेच पुसून टाकू नये. तिचे नाव आणि ठिकाण टिपून ठेवावे, आणि मग विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅन चालवावा. हा स्कॅन संगणक पुन्हा सुरू करून, विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे एरवी लपून राहणारे प्रोग्रॅमही त्याला सापडू शकतात. त्यात काही आढळले, तर ईमेल आणि बँकेचे पासवर्ड त्याच संगणकावरून नव्हे, तर दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून त्याच दिवशी बदलावेत.