एरंडेलाचं प्लास्टिक फुगतंय? या चुका टाळा

एरंडेलापासून पॉलियुरेथेन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणारं प्लास्टिक, करायला शिकणारी पोरं बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये येतात आणि दर पावसाळ्यात एकच विचारतात, "काका, हे फुगलं कशानं?" पाण्यानं.

गेल्या आषाढात मशिनच्या पायाखालचे चोवीस पॅड ओतायचे होते. नव्या पोरानं कॅन धुतला आणि घाई म्हणून न पुसताच त्यात दोन किलो तेल भरलं. सकाळी साचे उघडले, तर पॅड आंबोळीसारखे जाळीदार, बोट लावलं की चिकट. चोवीसच्या चोवीस टाकून दिले. कॅनच्या तळाला राहिलं असेल फार तर दोन चमचे पाणी. पण हिशेब बघा. १०० ग्रॅम तेलात अर्धा ग्रॅम पाणी असलं, तरी ते साधारण साडेसात ग्रॅम आयसोसायनेट (तेल घट्ट करायला त्यात मिसळतात ते रसायन) खातं आणि साडेसहाशे मिलिलिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. तेलाला आयसोसायनेट पुरत नाही म्हणून चिकटपणा, वायू आत अडकतो म्हणून जाळी.

मी तेल ११० अंशांवर तासभर ढवळत तापवतो, झाकून गार करतो आणि त्याच दिवशी संपवतो. त्याआधी दोन थेंब तापल्या तव्यावर टाकतो. तडतडले की तेल परत शेगडीवर. बेळगाव-खानापूरच्या पावसाळी हवेत तेल नुसतं ठेवून सुकत नाही, आणि हा तास वाचवणाऱ्याच्या हातून चांगला पॅड निघालेला मी पाहिलेला नाही.

दुसरी चूक पेल्यानं मापण्याची. १०० ग्रॅम एरंडेलाला पॉलिमरिक एमडीआय, म्हणजे आमचं नेहमीचं आयसोसायनेट, सुमारे ३९ ग्रॅम लागतं. ते तेलापेक्षा जड असतं, त्यामुळे हेच प्रमाण पेल्यानं घेतलं तर हवं त्याहून पाव पटीपेक्षा जास्त जादा पडतं आणि माल कडक, ठिसूळ होतो. वजनकाटा घ्या. तो घ्यायचा नसेल तर या कामात पडू नका.

आत पाणी शिरलेला आयसोसायनेटचा डबा घट्ट बंद करू नका, वायूनं फुटतो.

दारं लावून, तोंडाला रुमाल बांधून काम करू नका. आयसोसायनेटच्या वाफेनं दमा जडतो, आणि रुमाल ती अडवत नाही.

बिया घरी गाळत असाल तर पेंड गुरांपुढे टाकू नका. त्यात रिसिन हे विष राहतं.

आणि गिऱ्हाइकाला "झाडाचं आहे, मातीत कुजेल" असं सांगू नका. वरच्या प्रमाणात वजनानं ७२ टक्के तेल आहे, बाकीचं एमडीआय खनिज तेलातूनच येतं. एकदा घट्ट झालेला पॅड परत वितळत नाही, शेतात पुरला तरी वर्षानुवर्षं तसाच राहतो. मी बिलावरच ७२ टक्के लिहून देतो.